जंगलाचीही पैसेवारी काढा

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,

हे पत्र वणव्यांविषयी आहे. विषय वाचून आपल्या कार्यालयातील कुणी ते वनविभागाकडे वर्ग करायला घेईल, म्हणून आधीच विनंती करते की ते आपल्याच टेबलावर राहू द्यावे. वणवा पेटतो वनविभागाच्या हद्दीत, हे खरे. पण तो पेटल्यावर एका टेकडीवर विझणार की सात टेकड्या खाऊन जाणार, हे बरेचसे आदल्या पावसाळ्यात ठरलेले असते. त्या पावसाळ्याचा हिशेब आपल्या खात्यात होतो. दुष्काळ जाहीर करण्याची फाइल आपल्याकडून निघते. त्या फाइलमध्ये जंगल नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

मी परतवाड्याला एकतीस वर्षे भूगोल शिकवला. आमच्या गच्चीवरून उत्तरेला गाविलगडचे डोंगर दिसतात. होळीच्या आगेमागे, रात्री जेवण आटोपून गच्चीवर गेले की डोंगरावर एखादी लाल रेघ दिसते. चांगल्या पावसाच्या वर्षी ती रेघ तुटक असते, आज आहे, उद्या नाही. दुष्काळी वर्षी ती वाढत जाते, वळते, दुसऱ्या रेघेला जाऊन मिळते, आणि तीन-चार रात्रींनी सगळ्या डोंगराला कुणी लाल काठ शिवल्यासारखा दिसतो. सकाळी अंगणात काळे कपटे पडलेले असतात. सागाच्या जळक्या पानांच्या शिरा त्यांवर ओळखू येतात. माझ्या वर्गात मेळघाटातून आलेली कोरकू मुले असायची. ती त्या कपट्यांकडे पाहून आग कुठल्या गावाच्या शिवारात असेल याचा अंदाज बांधत.

त्या मुलांबरोबर मी एक वही चालवली होती. भूगोलाचा प्रकल्प म्हणून सुरू केली, नंतर सवय झाली. सुट्टीवरून परत आलेल्या प्रत्येकाने सांगायचे की गावाच्या नाल्याला शेवटचे वाहते पाणी कधी पाहिले, साग कधी बोडका झाला, मोह कधी गळायला लागला. शास्त्रीय म्हणावे असे त्यात काही नाही. पण वही चाळताना एक गोष्ट दर वेळी दिसते. ज्या वर्षी नाले संक्रांतीच्या आतच आटल्याची नोंद आहे, त्याच वर्षीच्या पानांवर मुलांनी वणव्याविषयी भरभरून लिहिले आहे. वाहते पाणी होळीपर्यंत टिकलेल्या वर्षी वणव्याची नोंद एका ओळीची आहे.

२०१८ च्या पावसाळ्यानंतर ३१ ऑक्टोबरला शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि त्या वर्षीही ३१ ऑक्टोबरलाच ४० तालुक्यांची यादी निघाली. दोन्ही वेळी दिलेल्या सवलती मी वाचल्या आहेत. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जवसुलीला स्थगिती, कृषी पंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज तिथे टँकर, आणि पंपांची वीज न तोडणे. आठ सवलती. प्रत्येक गरजेची आहे. फी माफीने माझ्या शाळेतली कितीतरी मुले वर्गात टिकली. पण ज्या तालुक्याचे निम्म्याहून जास्त क्षेत्र जंगल आहे, तिथेही दुष्काळ म्हणजे फक्त पिकाचा, पंपाचा आणि हंड्याचा, असे ही यादी धरून चालते. जंगलही पावसावरच उभे असते, हे तिच्यात कुठे येत नाही.

दुष्काळ जंगलात जाऊन नेमके काय करतो, ते थोडे सविस्तर लिहिते. आपल्याकडे या विषयावर जे काही बोलले जाते ते ‘ऊन वाढले, जंगल पेटले’ एवढ्यावर संपते, म्हणून.

सागाचे पान आपण हातात घेतले असेल. पडले की त्याच्या कडा आत वळतात आणि त्याचा द्रोण होतो. त्यामुळे सागाचा पाला जमिनीला चिकटून बसत नाही. खाली-वर हवा खेळत राहते, चुलीत लाकडे रचताना आपण मुद्दाम फट ठेवतो तशी. असा पाचोळा हवेतल्या ओलाव्याशी फार लवकर जुळवून घेतो. पहाटे दवाने मऊ पडलेला असतो, दुपारी बारा वाजता बोटांत चुरला जातो. आगीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मेलेल्या इंधनाची वर्गवारी याच हिशेबाने करतात: एक तासाचे, दहा तासांचे, शंभर तासांचे आणि हजार तासांचे. एक तासाचे म्हणजे गवत, पाचोळा, काडी. हजार तासांचे म्हणजे मांडीएवढा पडलेला ओंडका. हजार तास म्हणजे साधारण ४२ दिवस. ओंडक्याच्या पोटातला ओलावा बाहेरच्या हवेप्रमाणे बदलायला इतका काळ जातो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मार्चमध्ये पाचोळा दर वर्षीच कोरडा असतो, पाऊस चांगला झालेला असो की नसो. म्हणून वणवे दर वर्षी लागतात. ओंडका मात्र मागच्या काही महिन्यांचा हिशेब पोटात ठेवून असतो. चांगल्या वर्षी आग पाचोळ्यावरून सरकत जाते आणि ओंडक्याला नुसते काळे करून पुढे निघते. परतीचा पाऊस बुडालेला, हिवाळ्यात एकही अवकाळी सर न आलेली, अशा वर्षी तोच ओंडका आतून धुमसतो. दोन-दोन, चार-चार दिवस धुमसतो. वनमजूर आग विझवून, थकून, घरी जाऊन झोपतात. दुपारी वारा सुटतो, ओंडक्यातली ठिणगी पलीकडच्या पाचोळ्यात पडते आणि विझलेली आग पुन्हा सुरू होते. अहवालात ती नवी आग म्हणून लागते.

दुसरी गोष्ट हवेची. हवेलाही तहान असते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तेवढे बाष्प तिला मिळाले नाही तर ती ते झाडांतून, पाचोळ्यातून, मातीतून ओढून घेते. चांगल्या वर्षी मातीत ओल असते, त्यामुळे उन्हाची बरीचशी शक्ती ती ओल उडवण्यात खर्च होते. दुष्काळात उडवायला काही उरलेलेच नसते. सगळी शक्ती जमीन आणि हवा तापवण्यात जाते, आणि तापलेली हवा आणखी तहानेली होते. शेतकरी याला ‘जमीन भाजते’ म्हणतो. जंगलातही तेच होते, फक्त तिथे पंचनामा करायला कुणी जात नाही.

तिसरी गोष्ट झाडांची. पाणी कमी पडले की साग, धावडा, ऐन ही झाडे पाने लवकर टाकतात. झाडाच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे, पानांतून जाणारे पाणी वाचते. पण जे छप्पर फेब्रुवारीअखेरपर्यंत थोडेफार टिकायचे ते जानेवारीतच उतरते. इंधन महिनाभर आधी जमिनीवर येते, त्यावर ऊन थेट पडते, आणि छप्पर नसल्याने खाली वारा मोकळा फिरतो. वणव्याचा हंगाम आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. झाडाला ही तारीख कुणी कळवलेली नसते.

आता पसरण्याविषयी, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच आहे. मेळघाट म्हणजे सलग सपाट जंगल नव्हे. सिपना, खापरा, खंडू, गडगा, डोलार अशा नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले त्या डोंगरांना कापत तापीकडे जातात. नाल्याच्या दोन्ही काठांना जांभूळ, करंज, अर्जुन अशी हिरवी झाडे, खाली ओली माती, दगडांवर शेवाळ. उतारावरून आलेली आग इथवर येते आणि दम तोडते. निसर्गाने आखलेल्या या जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे पट्टे, आहेत, वनविभागाच्या जाळरेषांपेक्षा कितीतरी जुन्या आणि कितीतरी लांब. चांगल्या वर्षी जंगल या ओल्या रेघांनी शेकडो तुकड्यांत विभागलेले असते. एक तुकडा पेटला तरी तो तेवढाच जळतो.

दुष्काळात या रेघा पुसल्या जातात. आधी लहान नाले, मग मोठे. काठावरचा पाला वाळतो, नाल्याच्या कोरड्या पात्रातच पाचोळा साचतो, आणि जी जागा आग अडवायची तीच आगीला पलीकडे नेणारा पूल होते. हे हळूहळू, सरळ प्रमाणात होत नाही, ही यातली सर्वांत धोक्याची बाब. अंगणात गोवऱ्या अंतर ठेवून मांडल्या तर एक पेटवल्याने सगळ्या पेटत नाहीत. मधे एकेक गोवरी वाढवत गेलो तर बराच वेळ काहीच फरक दिसत नाही. आणि मग एक गोवरी अशी पडते की इकडच्या टोकाला लावलेली काडी तिकडच्या टोकापर्यंत जाते. जंगलातल्या कोरड्या तुकड्यांचेही तसेच. पाऊस थोडा कमी म्हणजे वणवा थोडा जास्त, हे गणित इथे चालत नाही. एका मर्यादेपलीकडे सगळे एकमेकांना जोडले जाते. ती मर्यादा कधी ओलांडली जाते, हे कुणीतरी पाहत राहायला हवे.

रात्रीचाही विचार करावा. आमच्याकडे वणवा विझवायची पद्धत साधी आहे: ओल्या डहाळ्या तोडायच्या आणि आगीच्या काठाला झोडपत जायचे. अलीकडे पाठीवरचे ब्लोअर आले आहेत, पाचोळा उडवून पट्टा मोकळा करता येतो, त्यांचा मोठा उपयोग होतो. पण खरे काम होते ते रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि किंचित ओली झाली की. तेव्हा ज्वाळा गुडघ्याखाली येतात. दुष्काळी वर्षी रात्रही कोरडी जाते, दव पडत नाही, आग पहाटेही तशीच चालत राहते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील हंगामी वनमजूर होते. ते म्हणाले होते, बाई, यंदा झोडपायला ओली डहाळी शोधायलाच अर्धा तास जातो.

इथे माणसांचा भाग येतो. तो लिहिताना मी जपून लिहिणार आहे, कारण वणव्याची चर्चा निघाली की बोट आदिवासींकडे वळते. आपल्या जंगलांत वीज पडून लागणारी आग फार थोडी; बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात, हे खरे आहे. मोहाची फुले वेचायला झाडाखालची जागा साफ हवी म्हणून पाचोळा पेटवतात. तेंदूला नवी कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळतात. शेतकरी पेरणीआधी धुरे पेटवतो आणि ती आग जंगलात शिरते. कुणाची विडी, कुणाची शिकार, रस्त्याकडेला स्वयंपाक केलेल्या प्रवाशाची चूल. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा आहे. हे सगळे दर वर्षी होते. काडी तीच, हात तेच; मग एका वर्षी एक हेक्टर आणि दुसऱ्या वर्षी पाचशे हेक्टर का जळतात?

शिवाय दुष्काळ स्वतःच काड्यांची संख्या वाढवतो आणि विझवणाऱ्या हातांची कमी करतो. सोयाबीन गेले, तूर गेली, की घरात पैसा आणायला मोह आणि तेंदूच उरतात. जास्त माणसे जंगलात जातात, जास्त झाडांखाली झाडझूड होते. उलट बाजूला, मेळघाटातली तरुण माणसे दिवाळीनंतर मजुरीला बाहेर पडतात, वीटभट्टीवर, कापसाला, दूरच्या शहरांत बांधकामावर. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, त्याला ती हमखास गावी परततात. पण पीक बुडालेल्या वर्षी सण आटोपला की लगेच पुन्हा निघतात. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर पेटतो तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि मुले असतात. पूर्वी आरोळी दिली की पन्नास माणसे डहाळ्या घेऊन धावायची, असे तिथल्या वृद्धांकडून मी अनेकदा ऐकले आहे. आता आरोळी ऐकायला माणूस गावात तरी हवा.

एक अपवाद आपल्याला सांगायला हवा, नाहीतर उद्या कुणी अधिकारी तो दाखवून सगळेच म्हणणे बाजूला सारेल. दुष्काळ पडला की सगळीकडे वणवा वाढतो, असे नाही. सोलापूरकडचे नान्नज किंवा कर्जतजवळचे रेहेकुरी अशा गवताळ माळरानांवर उलटही घडते. तिथे इंधन म्हणजे गवत, आणि पाऊसच झाला नाही तर गवत वाढत नाही. जे थोडे वाढते ते गुरे-मेंढ्या खाऊन टाकतात. जळायला काही राहत नाही. तिथे खरा धोका भरपूर पाऊस पडून गवत माजले आणि मग कोरडा काळ आला की असतो. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी अंतर्भागात १९७४-७५ साली असेच झाले. आधी अतिवृष्टीची वर्षे, मग उंच वाढलेले गवत वाळले, आणि त्या एका हंगामात दहा कोटी हेक्टरांहून अधिक प्रदेश जळला. म्हणून गवताळ प्रदेशासाठी दोन वर्षांचा पाऊस पाहावा लागतो आणि जंगलासाठी सरत्या पावसाळ्याची तूट. दोन्हींचा अंदाज महिनोन्‌महिने आधी बांधता येतो.

त्याच देशाने ४५ वर्षांनी दुसरी बाजू पाहिली. २०१९ हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींतले सर्वांत कोरडे आणि सर्वांत उष्ण वर्ष होते. त्या उन्हाळ्यात लागलेल्या आगींनी एरवी कधी न जळणारी, कोट्यवधी वर्षांचा वारसा सांगणारी गोंडवन वर्षावनेही सोडली नाहीत. त्या जागतिक वारसाक्षेत्राचा अर्ध्याहून अधिक भाग आगीच्या टप्प्यात आला. मी वर म्हटले ते ओले नाले, ओल्या घळी तिथेही होत्या, आणि त्याच वाळल्या होत्या.

आपल्या जवळचे उदाहरण २०१६ चे. आधीची दोन वर्षे पाऊस तुटीचा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, आठवत असेल. ती गाडी फेऱ्या मारत होती त्याच आठवड्यांत उत्तराखंडचे डोंगर जळत होते आणि एप्रिलअखेर वायुसेनेची हेलिकॉप्टर पाणी टाकायला बोलवावी लागली. त्या हंगामात तिथले चार हजार हेक्टरांहून अधिक जंगल जळाले. आपण वर्तमानपत्रात या दोन बातम्या दोन वेगळ्या पानांवर वाचल्या. दोन्हींच्या मागे तोच रुसलेला पाऊस होता.

आणि गोवा. २०२२ चा पावसाळा तिथे बरा झाला होता, कागदावर दुष्काळाचे नाव नव्हते. पण फेब्रुवारी २०२३ हा कमाल तापमानाच्या हिशेबाने १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, आणि ५ मार्चपासून म्हादई अभयारण्यात आगी लागत गेल्या. सह्याद्रीचे ते दाट, दमट जंगल जळेल असे कुणाच्या मनात नव्हते. नौदल आणि वायुसेना, दोघांचीही हेलिकॉप्टर तिथे आणावी लागली. पावसाची बेरीज ठीक असूनही काही आठवड्यांची तापलेली, कोरडी हवा पुरते, हे त्या मार्चने दाखवले. वार्षिक सरासरीच्या रकान्यात ते दिसत नाही.

आता आपल्या खात्याकडून काय हवे, ते.

सप्टेंबरअखेर महसूल यंत्रणा नजर पैसेवारी काढते, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत रुपयाला किती पैसे पीक आले याचा अंदाज; मग सुधारित, मग डिसेंबरअखेर अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेले की गावाची अवस्था सगळ्यांना कळते. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पावसाचा खंड, मातीतली ओल, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, भूजल असे निर्देशांक आले, तेही चांगले झाले. हीच माहिती जंगलाला लावली तर जंगलाची पैसेवारी निघते. त्यासाठी नवे काही शोधायचे नाही. अमेरिकेच्या वनखात्यातील कीच आणि बायराम या दोघांनी १९६८ साली जंगलाच्या दुष्काळाचा एक निर्देशांक मांडला. त्याला रोजचे कमाल तापमान, रोजचा पाऊस आणि त्या ठिकाणचा सरासरी वार्षिक पाऊस, एवढेच लागते. शून्य म्हणजे माती तुडुंब भिजलेली, आठशे म्हणजे पार वाळलेली. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या जंगलांसाठी बेतलेला आहे, आपल्या सागवानी आणि बांबूच्या जंगलांसाठी तो तपासून घ्यावा लागेल, हे मान्य. पण राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. ती पीकविम्यासाठी उभारली आहेत. तेच आकडे जंगलाला लागून असलेल्या मंडळांसाठी या हिशेबात घालायला एक संगणक आणि एक जबाबदार माणूस पुरेल.

ही पैसेवारी ऑक्टोबरात काढणे का गरजेचे, ते जाळरेषांवरून कळेल. जाळरेषा म्हणजे जंगलातले पट्टे गवत कापून, जाळून मोकळे करणे. हे काम दव पडत असते तोवर, गवत अर्धवट ओले असताना करावे लागते. दुष्काळी वर्षी ही मुदत आखडते. निधी जानेवारीत आला आणि काम फेब्रुवारीत सुरू झाले, तर जाळरेषा जाळताना लावलेली आगच हाताबाहेर जाऊ शकते. ज्या वर्षी लवकर करायला हवे नेमके त्याच वर्षी नेहमीच्या वेळेला करणे म्हणजे उशीर. हंगामी अग्निरक्षकांचेही तेच. त्यांची नेमणूक १५ फेब्रुवारीला बांधलेली असते. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यात ती १ जानेवारीपासून व्हावी, आणि ती माणसे त्याच गावातली असावीत, ग्रामसभेने निवडलेली.

यातच माझी मुख्य मागणी आहे. दुष्काळाच्या शासन निर्णयातल्या आठ सवलतींना नववी जोडावी: जंगल असलेल्या दुष्काळी तालुक्यांत जाळरेषांची सफाई, नाल्याकाठच्या पट्ट्यातला पाचोळा काढणे, वनतळी आणि डोह यांतला गाळ उपसणे ही कामे नोव्हेंबरपासून रोजगार हमीवर सुरू व्हावीत. रोजगार हमी या राज्याने देशाला दिली, आणि ती १९७२ च्या दुष्काळातून आली. त्या वेळी लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. आज मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या, यावल-रावेरच्या सातपुड्यातल्या माणसाला दिवाळीनंतर गावातच काम मिळाले तर तो वीटभट्टीवर जाणार नाही, आणि मार्चमध्ये आरोळी ऐकायला गावात असेल. एकाच खर्चात मजुरीही आणि जंगलही. मजुरी मात्र वेळेवर मिळायला हवी. काम करून चार-चार महिने पैसे न मिळालेल्या पालकांना मी शाळेच्या फाटकाशी उभे पाहिले आहे. अशा माणसाला पुन्हा कामावर या म्हणायला तोंड होत नाही.

मोह वेचणाऱ्याला काठीचा धाक दाखवण्यापेक्षा झाडाखाली बांधायची जाळी द्या. फुले जमिनीवर पडतच नाहीत, पाचोळा जाळायचे कारण उरत नाही, आणि स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदूपाने तोडणेच थांबवले, कारण त्यापायी झाडे छाटली जातात आणि जंगल जाळले जाते हे त्यांनी स्वतः पाहिले होते. एवढे मोठे उत्पन्न त्यांनी सोडले. माझ्या परतवाड्यापासून जवळ असलेल्या पायविहीरच्या लोकांनी उजाड टेकडीवर पुन्हा जंगल उभे केले आणि ते आगीपासून राखले. ज्यांना जंगल आपले वाटते ते त्याला राखतात, हे या दोन्ही गावांत जाऊन पाहता येईल. त्यांना दुष्काळात मदतीचा हात मिळावा, हीच अपेक्षा.

शेवटचे मोजमापाचे. देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना पाठवते. आता पावणेचारशे मीटरच्या चौकोनातली आगही टिपली जाते आणि बीटवरच्या वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. ही फार मोठी सोय आहे. पण आपण वर्षाअखेर सूचनांची संख्या मोजतो. या जिल्ह्यात इतक्या आगी, त्या जिल्ह्यात तितक्या. शंभर आगी लागून दोनशे हेक्टर जळणे आणि दहा आगी लागून दोन हजार हेक्टर जळणे यांत दुसरे कितीतरी वाईट, आणि संख्येत ते उलटे दिसते. शिवाय क्षेत्र कमी लिहिण्याकडे कल असतो, कारण जास्त लिहिले तर वनरक्षकाला जाब द्यावा लागतो. पिकाचा पंचनामा करताना शेतकऱ्याला दोष देत नाहीत. जंगलाचा पंचनामाही तसाच, बिनधास्त व्हावा. जळालेले क्षेत्र उपग्रहाच्या चित्रावरून मोजून, त्या तालुक्याच्या पावसाच्या तुटीशेजारी छापावे. पाच वर्षांत आपल्यासमोर असा तक्ता येईल की कोणत्या तालुक्यात किती तुटीनंतर ओले नाले आग अडवायचे थांबतात. आज तो आकडा फक्त आमच्या वहीसारख्या वह्यांत अंदाजाने आहे.

जळालेल्या उताराचे पहिल्या पावसात काय होते, तेही आपल्याच खात्यात येणार आहे. पाचोळ्याचे पांघरूण गेलेले, माती उघडी पडलेली, आणि जूनची पहिली सर आडवी. माती नाल्यात, नाला नदीत, गाळ धरणात. पाणी मुरत नाही, म्हणून पुढच्या वर्षी नाला आणखी लवकर आटतो. साग आगीतून तगून जातो, त्याची साल जाड. बेहडा, आवळा, चारोळी यांची रोपे जातात, आणि त्यांच्या जागी घाणेरी माजते, जी पुढच्या वणव्याला आणखी इंधन देते. पुढच्या टँकरची मागणी या उतारांवरूनच सुरू होते.

यंदाच्या ऑक्टोबरात आपल्यासमोर तालुक्यांची यादी येईल किंवा येणार नाही, ते पावसावर आहे. आली, तर तिच्यावर सही करण्याआधी त्या तालुक्यांत जंगल किती आहे हा एक रकाना जोडायला सांगावा. आणि वनविभागाला त्याच दिवशी प्रत जावी. आमची वही जीर्ण झाली आहे, पण वाचता येते. आपल्या खात्यातील कुणी परतवाड्याला आले तर ती दाखवीन, आणि अंधार पडल्यावर गच्चीवरही नेईन.

कळावे,
आपली विश्वासू,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका
परतवाडा, जि. अमरावती